टोपाखालचा वरवंटा

१

मुखरूनं शिवणमशीनचा लाकडी टोप उचलला आणि आत मशीन नव्हती. आत वरवंटा होता.

पाट्यावर चटणी वाटतात तसला साधा काळा वरवंटा. जुन्या लुगड्याच्या फाळक्यात गुंडाळून पळसाच्या सालीच्या दोरीनं बांधलेला. वजन भरावं म्हणून शेजारी विटांचे तुकडे, आणि काही हलू नये म्हणून चारी अंगांनी धानाची तणीस कोंबलेली. मशीन ज्या फळीवर बसवलेली असायची ती फळी जागेवर होती, पेच मात्र नीट काढून नेलेले. ओसरीवर चांद्याच्या दुकानाचा एजंट बसला होता. बारदानातून सोडवलेली नवी कोरी पायमशीन त्याच्यासमोर चकाकत होती. जुनी घ्यायची आणि नवी द्यायची, असा सौदा ठरला होता. त्यानं वरवंट्याकडे पाहिलं, मुखरूकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे मॉडेल आपल्याकडे चालत नाही."

कोणी हसलं नाही. भिंतीला टेकून बसलेल्या रुखमाबाईंना दिसतच कमी होतं. त्या नुसत्या विचारत राहिल्या, "काय झालं रे? बोला न कोणी."

त्यांची ती मशीन म्हणजे चामोर्शीची अर्धी जन्मकथा होती. रेल्वेचा कोणी गोरा साहेब बदलून गेला तेव्हा त्याच्या मडमेकडून रुखमाबाईंच्या नवऱ्यानं ती आणली होती. काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, उजव्या हाताला फिरवायचं चाक. गावात पोर जन्मलं की पाचवीच्या दिवशी त्याच्या अंगात पहिलं अंगडं चढायचं ते याच मशीनवर शिवलेलं. आणि रुखमाबाईंचा एक कडक नेम असा की, पोर जन्मून रडल्याशिवाय त्याच्या कापडाला सुई लावायची नाही. आधी शिवलं तर नाट लागते म्हणे. पाटलाची सून असो की नदीपलीकडची मजूर बाई, हा नेम त्यांनी कोणासाठी मोडला नव्हता.

मुखरू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत फजिती झाली की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नसे. तो बायकोकडे वळला.

"टोपाची किल्ली कोनाजवळ असते?"

"माह्याजवळ," वच्छला म्हणाली.

"न मागच्या आठवड्यात तुहा भाऊ कोरपन्याहून गाडी घेऊन आला होता. जाताना गाडीत काय घालून नेलं त्यानं?"

वच्छला दोन पावलं पुढं आली. "बी-बियाणं नेलं. तुमीच त पोते लादू लागले."

"मले मशीन पाहिजे. नाई त परवा सकाळी गाडी जुंपतो, न तू तुह्या भावाच्या घरी. मशीन सापडंल तवा परत ये."

आता मात्र रुखमाबाईंना सगळं कळलं. त्या हातानं भिंत चाचपत उठल्या आणि म्हणाल्या, "गुणवंतभाऊले बोलवा. माह्या सुनेवर आळ घेऊन कोणी गाडी जुंपाची नाई."

२

गुणवंतराव शेजारीच राहत. दोन घरांमध्ये काट्यांची एक कुपाटी होती आणि कुपाटीला एक भगदाड होतं. उभा जन्म त्यांनी जंगल खात्यात नाकेदारी केली. आलापल्लीच्या बाजूला सागाचा ओंडका नाक्यावर आला की नुसत्या कुऱ्हाडीच्या घावावरून तोडणारा कोण ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. निदान ते स्वतः तरी तसं सांगायचे. पेन्शनीत आल्यावर ओंडके संपले, पण नजर शिल्लक राहिली. मग गावातल्या हरवलेल्या शेळ्या, चोरीला गेलेले नांगराचे फाळ आणि एकदा तर देवळातली घंटा त्यांनी शोधून दिली. त्यामुळे जरा ताठ चालायचे.

सध्या घरात एकटेच होते. बायको कमळाबाई मूल गावाला लेकीकडे गेली होती; लेकीचे दिवस भरत आले होते. जेवणाचा डबा दोन्ही वेळा वच्छला पाठवायची. कमळाबाई जाताना स्वैपाकघराला कडी घालून गेली होती आणि गुणवंतरावांनी ती अजून काढली नव्हती. चहासुद्धा ते चौकातल्या टपरीवर घेत.

रुखमाबाईंचं बोलावणं आलं तेव्हा त्यांना सगळ्यात आधी आठवला तो हाच एजंट. होळीनंतर तो सौदा ठरवायला गावात आला होता, आणि ऊन उतरेपर्यंत गुणवंतरावांच्याच ओसरीवर बसला होता. कमळाबाईनं चहा दिला तर गडी खुलला.

"बाई, जुनीला एक हात चाकाला आणि एकच हात कपड्याला. नवी पायानं चालते, दोन्ही हात मोकळे. जुनीत ती दोऱ्याची लांबडी होडी खडखड मागंपुढं पळते. नवीत गोल फिरकी, आवाज म्हणून नाही. पडदा शिवा, सदरा शिवा, बसल्या बैठकीला शिवून होतो."

"न तिच्या डब्यातले ते सारे साचे?" कमळाबाईनं विचारलं. "चुण्या पाडाचा, गोट लावाचा, पट्टी दुमडाचा? ते बसतीन नवीले?"

"नाही बसत. जुनीचा कापड दाबायचा पायच निराळ्या धाटणीचा. ते साचे तिच्याबरोबरच गेले समजा."

"न जुनीचं काय करता?"

"हातोडा घालतो. दुकानामागं सगळ्या जुन्या फोडून टाकतो. नाहीतर लोक त्याच दुरुस्त करून वापरतील, मग नवी कोण घेईल? अक्षयतृतीया झाली की येतो घेऊन."

गुणवंतराव तेव्हा पानाला चुना लावत होते. त्यांनी मान डोलावली होती. तो गेल्यावर कमळाबाईनं नेहमीसारखी कामांची माळ लावली होती: कौलं चाळून घ्या, कुपाटीचं भगदाड बुजवा, विळ्याला धार लावून आणा पण लोहाराला म्हणावं माहा विळा माह्याच हाताचा आहे, मागच्या वेळेसारखा बिघडवू नोको, न मुखरूले म्हणा एवढी घाई नोको करू, जरा थांब म्हणा. गुणवंतरावांनी यातलं एकही काम केलं नव्हतं. "लोखंडाच्या भानगडीत मी कायले पडू?" एवढंच म्हणाले होते.

आता एजंट अक्षयतृतीयेच्या आधीच येऊन बसला होता, कारण कोणाची तरी मालमोटार इकडे निघाली होती आणि भाडं वाचलं होतं. गुणवंतरावांनी जोडे घातले, काठी घेतली आणि भगदाडातूनच पलीकडे गेले.

३

वरवंट्याभोवतीची दोरी त्यांनी हातात घेतली, तसे त्यांचे डोळे लहान झाले.

उन्हाळ्यात जंगलात तेंदूपानं तोडतात आणि त्यांची पुडकी पळसाच्या सालीनं बांधतात. अशी पुडकी गुणवंतरावांनी इतकी तपासली होती की स्वप्नातही तीच दिसत. दोरी गुंडाळायची, पीळ द्यायचा आणि टोक आत खोचायचं. उजव्या हाताचा माणूस एका दिशेनं पीळ देतो, डावऱ्याचा पीळ बरोबर उलटा बसतो. ही गाठ उलटी होती.

त्यांनी गुपचूप दोरी खिशात टाकली आणि रुखमाबाईंशेजारी बसले.

"बाई, मशीन अखेरची कधी चालली?"

"कोलूच्या पोरीच्या पाचवीले. वच्छलानं शिवलं. माह्या डोळ्याले आता सुईचं नाक दिसत नाई भाऊ. पण रोज सांजेले मी टोप पुसतो, न उचलून आतल्या खोलीत ठेवतो. सकाळी पुन्हा ओसरीवर. घरात लेकरू असल्यावानी."

"वजन कमी वाटलं नाई?"

"तेच त. हाताले काई समजलं नाई."

गुणवंतरावांनी टोपातली तणीस बोटांनी चाळली. म्हातारी रोज टोप उचलते हे ठाऊक असलेल्यानंच वजन भरलं होतं. पण चोराला एवढी उठाठेव कशाला? चोर माल उचलतो आणि पळतो. म्हातारीच्या हातांना रिकामं लागू नये, तिला घोर लागू नये, असं वाटणारा हा कसला चोर?

"न साच्यांचा डबा?"

रुखमाबाईंनी कोनाड्याकडे हात केला. कोनाडा रिकामा होता. टोपापासून इतका लांब, हळदी-कुंकवाच्या मागं ठेवलेला डबाही गेला होता.

"कुलूप तोडलं नाई," गुणवंतराव म्हणाले. "किल्ली वच्छलेजवळ."

"ते कसलं कुलूप भाऊ! नावाचं. डब्यातल्या पेचकसाचं टोक घातलं का उघडते. पण ते माह्याजवळ शिकलेल्यालेच ठाऊक." म्हातारी जराशी हसली. "केवढ्यांले शिकवलं म्या. त्यात डावऱ्यांनी माही कंबर मोडली. चाक उजव्या हाताले, न हे बसणार उलटे."

गुणवंतरावांचे कान टवकारले. "डावरे? म्हणजे लटारू?"

"लटारू त होताच," रुखमाबाई म्हणाल्या. त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण गुणवंतराव तोवर काठी घेऊन उठले होते. माग लागला की ऐकून घ्यायचा धीर त्यांच्यात कधीच नव्हता.

दारात वच्छला उभी होती. "मामाजी," ती हळूच म्हणाली, "मी खरंच नाई नेली. मले नवी पाहिजे होती, खोटं कायले बोलू. पाय चालवून दोन्ही हातानं शिवावं वाटे. पण आत्याबाईची मशीन घरातून गेली असती त मलेही गोड लागलं नसतं. आता यांच्या आळानं माहेरी गेली त भाऊ ठेवून घेईन, पण तिथी मी कोणत्या तोंडानं राहू?"

"तू जात नाईस," गुणवंतराव म्हणाले आणि मनातल्या मनात चरकले. शब्द देऊन बसलो खरे, हाती मात्र एक दोरी तेवढी.

४

लटारू शिंपी बाजारचौकात आपल्या मशीनवर बसला होता. बायको गेल्यापासून एकटा, डाव्या हातानं कात्री चालवणारा, जुन्या मशीनवर डोळा ठेवून असलेला. गुणवंतरावांच्या मते खटला तयार होता.

"मशीन कुठी आहे लटारू?"

"मले काऊन विचारून राह्यले?"

"तुले पाहिजे होती का नाई?"

"पाहिजे होती. मुखरूले चारदा म्हटलं, फोडायले देण्यापरीस मले दे. तो म्हणते, बदल्यातच द्या लागते." लटारूनं कात्री खाली ठेवली. "रुखमाबाईनं मले तिच्यावर शिकवलं भाऊ. चाकाच्या पल्याड बसवलं, माहा डावा हात धरून चाकावर ठेवला. बाप म्हणे हे डावरं पोरगं कोनत्या कामाचं नाई. मी तिच्या घरात चोरी करीन?"

गुणवंतरावांनी त्याच्यासमोर दोरी धरली. त्यानं पाहिली आणि खांदे उडवले. मग ते सरळ त्याच्या घरात शिरले. एकट्या माणसाला चटणी स्वतःच वाटावी लागते. वरवंटा त्याचाच असला तर पाटा उघडा पडला असणार. पाटा मागच्या पडवीत होता, आणि वरवंटा त्यावर निवांत पडला होता, हिरव्या मिरचीचं बी लागलेला.

"अजून कोनाकोनाच्या घरचे वरवंटे मोजाचे आहेत?" लटारूनं विचारलं.

कल्पना वाईट नव्हती. गुणवंतराव दुसऱ्या दिवशी गल्लीतली घरं फिरले. बाया आधी हसल्या, मग चिडल्या. प्रत्येक पाट्यावर वरवंटा होता. वच्छलेचा तर होताच.

तेवढ्यात कोणीतरी बुधरीचं नाव काढलं. ती नदीकडच्या जंगलातल्या पाड्यावरची माडिया बाई. चारोळी, हिरडा घेऊन बाजाराला यायची आणि ऊन टळेपर्यंत रुखमाबाईंच्या ओसरीवर टेकायची. तिची टोपली जड असते, असं लोक म्हणू लागले. बुधरी बाजारात बसलीच होती. गुणवंतरावांना पाहून तिनंच आधी तोंड उघडलं.

"सांगतलं मले लोकांनी. दादा, माहा नातू मेला असता त्या साली. थंडी होती. रुखमाबाईनं अंगडं शिवलं, कुंची शिवली, पोट्टं जगलं. माह्या घरात दिवा न्हाई, मी मशीन नेऊन काय करू?"

गुणवंतरावांना लाज वाटली. विषय बदलावा म्हणून ते म्हणाले, "चारोळी दे मोजून. आमच्या बाईनं घेतली का नाई यंदा?"

"न्हाई घेतली. म्हणे घरात ठेवाले जागा न्हाई. धानाची ढोली गळ्यापर्यंत भरली म्हणे."

त्यांनी चारोळी धोतराच्या सोग्यात बांधली आणि घरचा रस्ता धरला. वाटेत मन घोळत राहिलं. साचे नव्या मशीनला बसत नाहीत. लटारूची मशीनही नव्याच धाटणीची. म्हणजे ज्यानं मशीन नेली त्यानं साचे दुसरीकडे लावायला नेले नाहीत. विकायलाही नाही, कारण एवढ्याशा लोखंडाला कोण विचारतं? ज्यानं नेले त्याला याच मशीनवर शिवायचं होतं. अंगड्याला चुण्या पाडायच्या, गोट लावायचा, असं काहीतरी. पण मग सरळ येऊन शिवून का नाही नेलं? तिथंच गाडी अडत होती.

आणि मुखरूची गाडी मात्र सकाळी निघणार होती.

५

सकाळी डबा आला नाही.

वच्छला माहेरी जायच्या तयारीला लागली होती. डबा कोण पाठवणार? कुपाटीपलीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गुणवंतरावांना भूक लागली होती आणि राग आला होता, आणि त्यांचा राग नेहमी पोटातूनच सुरू व्हायचा. रिकाम्या पोटी तोंड कसं उघडावं, म्हणून त्यांनी स्वैपाकघराची कडी काढली. काल टपरीवाल्यानं दिलेली भाकर होती. तिच्यासोबत लसूण-मिरची वाटून घेऊ, असा विचार करून मिरच्या घेतल्या, पाट्यासमोर बसले आणि सवयीच्या माणसासारखा हात पुढं केला.

हात पाट्यावर आपटला. पाट्यावर वरवंटा नव्हता.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चुलीमागं पाहिलं. उगाच मडकंसुद्धा उचलून पाहिलं. मग मिरच्या हातात तशाच धरून ते खाली बसून राहिले. अख्ख्या गल्लीचे वरवंटे त्यांनी मोजले होते, एक घर सोडून.

हळूहळू एकेक गोष्ट पुढं येऊन उभी राहिली. लोहारानं बिघडवलेला विळा. शेजारणी तो मागून न्यायच्या आणि परत आणून द्यायच्या, "बाई, तुमचा विळा आमच्या हाती चालत नाई" म्हणून. तो डाव्या हाताचा होता. इतकी वर्षं घरात टांगलेला होता. रुखमाबाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य: लटारू त होताच. आणि दुसरं कोण, हे विचारायला ते थांबलेच नव्हते. एजंटच्या तोंडचा हातोडा याच ओसरीवर पडला होता, आणि तो ऐकणारी दोनच माणसं होती. त्यातलं एक पानाला चुना लावत होतं.

आणि ढोली. ऐन उन्हाळ्यात कोणाची धानाची ढोली गळ्यापर्यंत भरलेली असते? वर्षभर खाल्ल्यावर आता तिचा तळ दिसायला हवा.

ते उठले. कोपऱ्यातल्या बांबूच्या ढोलीचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात धानात घातला. बोटांना थंड, वळणदार लोखंड लागलं. त्यांनी ओंजळीनं धान बाजूला केलं. सोनेरी वेलबुट्टीचं एक पान वर आलं, मग चाकाची मूठ. शेजारी साच्यांचा डबा, फडक्यात बांधलेला. पेच वेगळ्या पुरचुंडीत, एकही न हरवता. डब्यावर पांढऱ्या मऊ कापडाची एक घडी होती, कमळाबाईच्या जुन्या लुगड्याची. कापलेली नाही, शिवलेली नाही, नुसती धुऊन ठेवलेली.

ती घडी पाहिल्यावर अडलेली गाडी हलली. लेकीचे दिवस भरत आले होते. पोर जन्मून रडल्याशिवाय कापडाला सुई लावायची नाही. तोवर मशीनवर हातोडा पडला असता. आधी शिवता येत नव्हतं आणि नंतर मशीन राहत नव्हती. एजंट येईल अक्षयतृतीयेनंतर, त्याच्या आत आपण परत येऊ, असा बिचारीचा हिशोब होता. मालमोटार लवकर निघेल हे तिला कोण सांगणार?

पलीकडून मुखरूचा आवाज आला, "बस गाडीत."

६

गुणवंतरावांपुढं सोपा रस्ता होता. गाडी थांबवायची, मशीन ओसरीवर ठेवायची आणि "सापडली" म्हणायचं. कुठं, ते तपासाचं गुपित. घंटा शोधून दिली तेव्हाही कोणी जास्त विचारलं नव्हतं. पण तसं केलं तर वच्छलेच्या पाठीमागं लोक जन्मभर म्हणणार, भावाकडून मागवून घेतली. त्यांनी मशीन उचलली, पोटाशी धरली आणि भगदाडातून जाताना कुपाटीचे काटे दंडाला ओरबाडून घेत पलीकडे आले.

गाडीभोवती गल्ली जमली होती. लटारू होता. जायची मोटार नाही म्हणून अडकलेला एजंटही होता. वच्छलेनं एक पाय गाडीच्या दांडीवर ठेवला होता.

"उतर बेटा," गुणवंतराव म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मशीन माह्या घरात सापडली. माह्या ढोलीत. नेणारी माह्या घरची आहे."



"काकू?" मुखरूनं विचारलं. "चोरी?"

"चोरी नाई म्हणत मी. पण वच्छलेवर आळ आला तो आमच्यामुळं. वरवंटा आमचा. गाठ तिच्या डाव्या हाताची. कुलूप कसं उघडते ते तिले ठाऊक होतं. बाईच्या हातांनी रिकामा टोप उचलू नये म्हणून तिनं वजन भरलं. हे सारं मले पयल्या दिवशी कळाले पाहिजे होतं, पण मी दुसऱ्यांच्या घरात पाहून राह्यलो होतो." त्यांनी हातोड्याची गोष्ट सांगितली, लेकीची सांगितली, घडी केलेल्या कापडाची सांगितली.

रुखमाबाई चाचपत पुढं आल्या. मशीनच्या अंगावरून त्यांनी हात फिरवला, चाक अर्धा फेरा फिरवून पाहिलं. "दुसरी डावरी," त्या म्हणाल्या. "भाऊ, मी सांगतच होती तुमाले. तुमी उठून गेले."

"हातोडा घालते हे मले ठाऊक होतं," मुखरू खाली मान घालून म्हणाला. "मायले सांगतलं नाई म्या." मग तो गाडीकडे गेला, वच्छलेचं गाठोडं काढून घेतलं आणि ते कुठं ठेवावं हे न सुचून हातात धरूनच उभा राहिला. "चाल न घरात," एवढंच त्याला म्हणता आलं.

वच्छला हलली नाही. "आधी आत्याबाईची मशीन घरात जाईन," ती म्हणाली. "मग मी. न नवी आणाची त पुढच्या सुगीले आणा. घरात दोन म्हशी राह्यते, दोन मशिनी नाई राह्यणार?"

एजंटनं आपली पायमशीन पुन्हा बारदानात गुंडाळायला घेतली. जाताना लटारूला म्हणाला, "या गावात धंदा करणं कठीण आहे."

७

तिसऱ्या प्रहरी वैनगंगा उतरून कमळाबाई आली. डोक्यावर बोचकं, चेहऱ्यावर जागरण आणि आनंद. दारातूनच तिनं सांगितलं, "पोरगी झाली. नाकानं तुमच्यावर गेली, काय करता. परवा पाचवी आहे." मग ती स्वैपाकघरात गेली, ढोलीत हात घातला आणि तशीच बाहेर आली.

"कुठी आहे?"

"जिथली होती तिथी."

त्यांनी सगळं सांगितलं. वच्छलेच्या गाडीचं ऐकून कमळाबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "चारचौघांत माहं नाव घेतलं तुमी?"

"घेतलं."

"बरं केलं. नसतं घेतलं त मी घेतलं असतं." तिनं पदर नीट खोचला. "पण मुखरूले जरा थांब म्हणा, असं म्हटलं होतं म्या. तवा एवढं तोंड उघडलं असतं त?"

नाकेदारीत गुणवंतरावांनी पुष्कळ प्रश्न विचारले होते. त्यांना कोणी विचारलेला हा पहिलाच असेल.

दोघं भगदाडातून पलीकडे गेले. कमळाबाईनं आधी वच्छलेचे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. लटारूनं पेच बसवून दिले होते. रुखमाबाईंनी नुसत्या बोटांनी मोजून कापड कापलं. कुठं गळा, कुठं बाही, त्यांच्या बोटांना अजून सगळं पाठ होतं. वच्छलेनं होडीत दोरा भरला, चुण्यांचा साचा चढवला आणि कापड धरलं. कमळाबाई चाकाच्या पलीकडच्या अंगाला, उलटी बसली आणि डाव्या हातानं फिरवू लागली. खडखड करत होडी मागंपुढं पळायला लागली. गल्लीतली म्हातारी-कोतारी त्या आवाजानं बाहेर येऊन उभी राहिली. त्यातल्या पुष्कळांच्या पोरांची पाचवी त्या खडखडीतून गेली होती. गुणवंतरावांना तो आवाज आपल्या लेकीच्या जन्मापासून ओळखीचा होता, आणि आज पहिल्यांदा त्यांनी तो कान देऊन ऐकला.

अंगडं तयार झालं. तळहाताएवढं, गळ्याला गोट, खाली चुण्या. मूलची मोटार उद्या सकाळी होती. गुणवंतरावांनी ते कागदात गुंडाळलं, खिशातली पळसाच्या सालीची दोरी काढली आणि नाकेदाराच्या सगळ्या इभ्रतीनं पक्की गाठ मारली.

कमळाबाईनं पुडकं हातात घेतलं, गाठ पाहिली आणि सोडून टाकली.

"इतकी वर्षं पाहून राह्यली मी," ती दोरी पुन्हा आपल्या पद्धतीनं गुंडाळत म्हणाली, "तुमी गाठ नेहमी उलटी मारता."